जुनी पिकअप कधी चालू होते, कधी नाही, मधेच बंद पडते: नवीन लोकांनी दोष कसा पकडायचा

"गॅरेजला नेली की एका सेल्फमध्ये चालू, आणि तुर्भ्याच्या मार्केटमधून माल भरून निघालो की कळव्याच्या अलीकडे बंद." जुनी पिकअप घेऊन धंद्यात उतरलेल्या जवळपास प्रत्येकाच्या तोंडून मी हे ऐकलंय, आणि मी स्वतः पण यातून गेलोय. माझी गाडी सेकंड हँड, पंपवाली (म्हणजे सेन्सर-कॉम्प्युटर नसलेली, मेकॅनिकल पंपावर चालणारी) डिझेल पिकअप, रोज पहाटे तुर्भ्याच्या एपीएमसी घाऊक बाजारातून कांदा-बटाटा आणि भाजी भरून घोडबंदर रोडच्या दुकानांना द्यायची, आणि सलग सात-आठ महिने तिने मला रडवलं. त्या काळात बॅटरी बदलली, सेल्फ (स्टार्टर मोटर) खोलला, पंप टेस्टिंगला टाकला, आणि दोष निघाला टाकीत. तो सगळा खर्च नवीन माणसाचा वाचावा म्हणून हे सविस्तर लिहितोय.

एक गोष्ट आधीच डोक्यात घट्ट बसवा. जो दोष कधी असतो कधी नसतो, तो जेव्हा असतो तेव्हाच तपासायचा. गाडी बरी चालत असताना गॅरेजवाला कितीही हुशार असला तरी त्याच्या हाताला काही लागत नाही, मग तो अंदाजाने पार्ट बदलतो आणि बिल तुम्ही भरता. म्हणजे बंद पडलेल्या त्या दहा मिनिटांत ड्रायव्हर सीटवर जो बसलाय त्यानेच बघायला पाहिजे, आणि तो तुम्ही आहात. त्यासाठी मेकॅनिक असायची गरज नाही, काय बघायचं ते माहीत असलं की झालं.

पहिलं काम: नक्की काय होतंय ते वेगळं करा

"गाडी चालू होत नाही" या एका वाक्यात तीन वेगवेगळे आजार असतात, आणि लोकं ते एकत्र करतात म्हणून सगळा घोळ होतो.

एक, चावी फिरवली तर सेल्फच फिरत नाही, नुसतं "कट" नाहीतर "कट कट कट", किंवा फिरतो पण मेल्यासारखा. हा बॅटरी, वायर, अर्थिंग, सेल्फ यांचा विषय, डिझेलचा काही संबंध नाही.

दोन, सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही. इथे बॅटरी बदलणारा माणूस तुमचे पैसे वाया घालवतोय. इथे डिझेल पोचत नाहीये, किंवा पंपावरचा स्टॉप सोलेनॉइड (करंट मिळाला की डिझेलची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) उघडत नाहीये, किंवा नवीन प्रकारच्या इंजिनात एखादा सेन्सर गेलाय.

तीन, चालू होते, चालते आणि मधेच बंद. यात अजून एक फरक बघायचा आणि तो सगळ्यात कामाचा: झटक्यात बंद झाली, जशी चावी काढल्यावर होते, की आधी गाडीचा जोर गेला, हिसके मारले, रेस दिली तरी ओढेना आणि मग बंद झाली? झटक्यात बंद म्हणजे बहुतेक वेळा करंट तुटला. हिसके मारत मारत बंद म्हणजे बहुतेक वेळा डिझेल कमी पडलं. हा एक फरक नीट सांगता आला तर अर्धं काम तिथेच होतं, खरंच.

दुसरं काम: गाडीत एक वही ठेवा

मोबाईलमध्ये लिहिलं तरी चालेल पण डॅशबोर्डवर वही असली की क्लीनर पण लिहितो. दरवेळी पाच गोष्टी लिहायच्या: इंजिन थंड होतं की गरम, टाकीत डिझेल किती होतं, रस्ता चढाचा होता की खड्ड्यांचा की सपाट, पाऊस होता का, आणि किती वेळाने परत चालू झाली. चार-पाच वेळा लिहिलं की त्यात काहीतरी सारखं दिसायला लागतं. माझ्या वहीत दिसलं की दरवेळी माल भरलेला होता, चाळीस-पन्नास मिनिटं चालून झालेली होती, हिसके मारून बंद पडली, आणि दहा-पंधरा मिनिटं उभी केली की काही न करता चालू झाली. हे सगळं एकत्र वाचल्यावरच टाकीकडे लक्ष गेलं, तोपर्यंत मी प्रत्येक वेळ वेगळी धरून बसलो होतो.

जवळ काय ठेवायचं

एक साधा मल्टिमीटर (काही शे रुपयांत मिळतो), एक टेस्ट लॅम्प म्हणजे बारा व्होल्टचा बल्ब आणि दोन वायरी, जाड जंपर केबल, १० ते १९ नंबरचे पाने, पॉलिश पेपर, काचेची एक रिकामी बाटली, डिझेलला चालणारी पारदर्शक पाईप हातभर आणि चार क्लिपा, टॉर्च. बस. नवीन पार्ट आधीच आणून ठेवायची काही गरज नाही.

काम करताना गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड, गिअर न्यूट्रलला. बॅटरी काढताना आधी मायनस काढायचा आणि लावताना मायनस शेवटी, कारण प्लसच्या नटवर पाना असताना तो बॉडीला टेकला की मोठी ठिणगी उडते आणि बॅटरीतून निघणारा गॅस पेट घेतो. आणि घड्याळ, कडं, अंगठी काढून ठेवा, हे लोकं हसण्यावारी नेतात पण प्लस आणि बॉडीच्या मधे अंगठी आली तर ती क्षणात लाल होते आणि बोट भाजतं.

सेल्फच फिरत नसेल तर

मल्टिमीटर बॅटरीच्या प्लस आणि मायनस टर्मिनलवर लावा, गाडी रात्रभर उभी असताना. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. मग कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि आकडा बघा. साडेनऊ-दहाच्या खाली कोसळला तर बॅटरी थकली किंवा सेल्फ जास्त करंट खातोय. इंजिन चालू झाल्यावर साधारण १३.८ ते १४.५ दिसायला पाहिजे, नसेल तर अल्टरनेटर चार्ज करत नाहीये, आणि तेव्हा नवीन बॅटरी टाकली तरी ती दोन दिवसांत बसणार. आधी बेल्ट बघा, सैल बेल्ट हे फार साधं कारण आहे आणि पावसात तो जास्त घसरतो.

आता आकडे बरोबर आहेत तरी सेल्फ कधी फिरतो कधी नाही, मग टर्मिनल. वरून चकचकीत दिसतं म्हणून सोडू नका, काढून आतली बाजू बघा. खाडीच्या हवेत, ऐरोली, कोपरखैरणे, वाशी, कोपरी या पट्ट्यात गाडी उघड्यावर उभी राहते, खारी दमट हवा लागते आणि टर्मिनलवर पांढरा-हिरवा क्षार लवकर धरतो. गरम पाण्यात खाण्याचा सोडा टाकून धुवा, फक्त ते पाणी घटांच्या बुचातून आत जाऊ देऊ नका, मग कोरडं करून पॉलिश पेपर मारा, घट्ट आवळा, वरून पेट्रोलियम जेली.

आणि अर्थिंग. यावर मी थोडं जास्त बोलणार आहे कारण हे कोणी बघतच नाही. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे चॅसीपासून ते तसं सुटंच. सेल्फचा सगळा करंट बॅटरीला परत जायला इंजिन आणि चॅसीच्या मधे एक जाड विणलेली तांब्याची पट्टी असते. ती खाली असते, चिखल-पाणी खाते, आतून काळी पडते, तारा तुटत जातात, आणि शेवटी दहा-बारा तारांवर लटकत असते. मग सेल्फ हळू फिरतो, पण हेडलाईट एकदम झकास, हॉर्न झकास, म्हणून सगळे म्हणतात सेल्फ गेला. माझ्या ओळखीच्या एका टेम्पोवाल्या भावाचा सेल्फ दोनदा बांधून झाला होता. वागळे इस्टेटला एका वायरिंगवाल्या काकांकडे गाडी नेली, काकांनी बोनेट उघडलं आणि कशालाच हात लावला नाही, फक्त त्याला म्हणाले, "पाच-सहा सेकंद सेल्फ मार." मग ॲक्सिलरेटरच्या केबलवर बोट ठेवून बघितलं आणि माझा हात ओढून तिथे लावला. केबल गरम. नुसती कोमट नाही, चहाच्या ग्लासाइतकी गरम. करंटला पट्टीतून जायला जागा उरली नव्हती म्हणून तो ॲक्सिलरेटरच्या केबलमधून परत जात होता. नवीन पट्टी टाकली, दोन्ही टोकांचा गंज घासून पांढरा पत्रा काढला, आणि सेल्फ असा फिरला की तो भाऊ दोन मिनिटं काही बोललाच नाही.

हे घरी तपासायला जंपर केबलची एक काळी वायर बॅटरीच्या मायनसवरून थेट इंजिनच्या जाड लोखंडाला लावा, हलणाऱ्या बेल्ट-पंख्यापासून लांब, आणि सेल्फ मारा. जोरात फिरला तर दोष अर्थिंगचा. मल्टिमीटर असेल तर सेल्फ मारताना बॅटरीचा मायनस आणि इंजिन यांच्यात व्होल्ट मोजा, ०.३ च्या वर गेलं की पट्टीकडे बघा.

हे सगळं नीट असून नुसतं "कट" येतं आणि सेल्फवर लाकडाने हळूच ठोकलं की फिरतो, तेव्हाच सेल्फ खोलायचा, कार्बन ब्रश झिजलेले असतात नाहीतर सोलेनॉइडचे आतले पॉइंट जळालेले. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांच्या वर मारू नका, मधे अर्धा-एक मिनिट थांबा, चांगला सेल्फ जाळणारी बरीच मंडळी घाईनेच जाळतात.

रात्रभर उभी राहिली की बॅटरी उतरते आणि चार्जिंग पण बरोबर आहे असं असेल तर कोणीतरी करंट पितंय. जुन्या गाडीत आधीच्या मालकाने ट्रॅकर, टेप, रिव्हर्स हॉर्न, केबिनची एलईडी पट्टी असं काय काय जोडलेलं असतं. सगळं बंद करून मायनसच्या वायरमधे मल्टिमीटर अँपिअरवर लावून बघा, ५० मिलिअँपिअरच्या आसपास किंवा खाली ठीक, जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा, ज्या फ्यूजला आकडा पडतो तिथे चोर आहे. मीटर असा लावलेला असताना सेल्फ अजिबात मारायचा नाही, मीटर जळेल.

झटक्यात बंद होत असेल तर: चावी आणि स्टॉप सोलेनॉइड

पंपवाल्या जुन्या डिझेल इंजिनाला एकदा चालू झाल्यावर करंटची फारशी गरज नसते, पण रोटरी पंपावर बहुतेक वेळा एक छोटा स्टॉप सोलेनॉइड असतो, चावी ऑन केली की त्याला बारा व्होल्ट मिळतात आणि तो डिझेलची वाट उघडतो. त्याची वायर क्षणभर जरी सुटली तरी इंजिन बंद. आणि ती वायर किती बारीक असते बघा, एक नट आणि एक लग (वायरीच्या टोकाची पत्र्याची कडी), बस, मुंब्रा बायपासला दोन खड्डे जोरात बसले की लग हलतो.

तपासायला कान पुरतो. चावी ऑन करा, सेल्फ मारू नका, सोलेनॉइडची वायर काढून परत टेकवा. "टक" असा स्पष्ट आवाज आला पाहिजे. आवाज नाही आला तर त्या वायरवर टेस्ट लॅम्प लावा. दिवा लागला म्हणजे करंट येतोय आणि सोलेनॉइड मेलाय, नाही लागला म्हणजे मागे फ्यूज, चावीचा स्विच किंवा वायर. दोष येत-जात असेल तर तोच टेस्ट लॅम्प लांब वायरीने केबिनमधे आणून डॅशबोर्डवर ठेवा आणि तसंच फिरा. गाडी बंद पडली त्या क्षणी दिवा विझला का? विझला तर वायरिंग, चालू राहिला तर डिझेल. माझ्या मते या सगळ्या लेखात याच्याइतकी स्वस्त आणि पक्की युक्ती दुसरी नाही. वायर बोनेटमधून आणताना सायलेन्सरला आणि कडेच्या पत्र्याला घासणार नाही असं बघा आणि मधे एक फ्यूज टाका.

चावीचा स्विच पण लक्षात ठेवा. घराची, गोडाऊनची, शटरची अशा सगळ्या चाव्या एका जुडग्यात लटकवल्या की त्यांच्या वजनाने आणि हिसक्यांनी स्विचचे आतले पॉइंट झिजतात. इंजिन चालू ठेवून चावी हळूच वरखाली, डावीउजवी हलवून बघा, बंद पडली की दोष सापडला. हे उभ्या गाडीतच करायचं, चालत्या गाडीत चावीला हात लावायचा नाही.

डिझेल आणि हवा

आता खरा त्रासाचा भाग. सेल्फ जोरात फिरतोय पण पकडत नाही, तेव्हा मागे जाऊन सायलेन्सर बघा. पांढरा धूर येत असेल तर डिझेल इंजिनात पोचतंय पण जळत नाहीये. धूरच नाही तर डिझेल पोचतच नाहीये. आपल्याकडे थंडी अशी नसते की हीटर प्लगमुळे (थंड इंजिन चालू करताना आतली हवा गरम करणारा प्लग) भर दुपारी गाडी अडेल, त्यामुळे कोणी लगेच हीटर प्लग बदला म्हणाला तर आधी बाकीचं तपासा.

टाकीपासून पंपापर्यंतची पाईप ओढणारी बाजू असते, म्हणजे तिथे बारीक चीर असली तर डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते. म्हणूनच खाली एक थेंब दिसत नाही आणि तरी गाडी हवा धरते. लक्षण ठरलेलं: रात्रभर उभी राहिली की सकाळी खूप सेल्फ खाते, एकदा चालू झाली की दिवसभर ठीक, आणि नाक वर करून चढावर उभी केली की जास्तच त्रास, कारण पाईपमधलं डिझेल उलटं टाकीत उतरतं. बघायचं कसं? फिल्टर आणि पंपाच्या मधली पाईप काढून तिथे ती पारदर्शक पाईप क्लिपा लावून बसवा, हवा काढा, इंजिन चालू करा आणि टॉर्च मारून बघत बसा. चांगल्या गाडीत सुरुवातीला चार बुडबुडे जातात आणि मग सरबतासारखं स्वच्छ डिझेल वाहतं. हवा धरणाऱ्या गाडीत बारीक मोत्यांची माळ थांबतच नाही. मग टाकीकडून एकेक जॉइंट आवळत, पाईप दाबत या, ज्या ठिकाणी माळ थांबली तिथे दोष. बहुतेक वेळा फिल्टरवरच्या बोल्टचे तांब्याचे वॉशर दुसऱ्यांदा वापरलेले असतात, नाहीतर प्रायमिंगच्या (हाताने डिझेल भरायच्या) हातपंपाचं रबर कडक झालेलं असतं. ही पारदर्शक पाईप फक्त तपासायला आहे, काम झालं की काढून नेहमीची टाका.

हवा काढणं नवीन माणसाने शिकूनच घ्यावं. फिल्टरच्या डोक्यावरचा हवा काढायचा स्क्रू सैल करा, हातपंप मारत राहा, आधी फेस येईल, मग फेस आणि डिझेल मिसळून, मग सलग धार. सलग धार चालू असतानाच स्क्रू आवळा. खाली कापड धरा, डिझेल रबरी पाईपांवर, अल्टरनेटरवर सांडू देऊ नका.

मग पाणी. पावसाळ्यात टाकी अर्धी रिकामी ठेवून गाडी उभी केली की आतल्या दमट हवेचं पाणी होऊन तळाला बसतं, टाकीच्या झाकणाचं रबर फाटलेलं असेल तर वरून पण जातं. फिल्टरच्या तळाचा ड्रेन उघडून पहिलं ग्लासभर काचेच्या बाटलीत घ्या आणि पंधरा मिनिटं हलवू नका. पाणी डिझेलपेक्षा जड, खाली वेगळा थर दिसतो, मधे रेषा अगदी पट्टीने मारल्यासारखी. थर दिसला तर स्वच्छ डिझेल येईपर्यंत काढत राहा, आणि जून ते सप्टेंबर हे दर आठवड्याला करा.

आता माझ्या गाडीचा दोष. वहीत लिहिलं होतं, माल भरून चाळीस-पन्नास मिनिटांनी हिसके मारून बंद, थांबलं की आपोआप चालू. याची दोन कारणं असू शकतात आणि दोन्ही टाकीत. पहिलं, झाकणाचं हवेचं भोक बुजलेलं. डिझेल ओढलं जातं, त्याच्या जागी हवा येत नाही, टाकीत ओढ तयार होते आणि शेवटी पंपाला डिझेल ओढवत नाही. बंद पडल्या पडल्या झाकण उघडा, "हुस्स" असा आवाज आत ओढला गेला आणि गाडी लगेच चालू झाली तर झाकण साफ करा नाहीतर बदला. माझ्याकडे आवाज आला नाही. मग दुसरं. एका रविवारी टाकी जवळपास रिकामी करून उतरवली, आतला पाईप बाहेर काढला, त्याच्या टोकाला जाळी असते. जाळी साफ होती, मला वाटलं परत फुकट गेलं. टाकी उलटी करून हलवली तेव्हा आतून एक कापडाचा तुकडा पडला, तळहाताएवढा, काळा, शेवाळासारखा बुळबुळीत. कधीतरी कोणीतरी झाकण हरवल्यावर तिथे फडकं कोंबलं असणार. तो तुकडा डिझेलमधे तरंगत फिरायचा, ओढ लागली की हळूहळू जाळीला जाऊन चिकटायचा, इंजिन उपाशी मरायचं, इंजिन बंद झालं की ओढ संपायची आणि तुकडा जाळी सोडून परत तळाला. म्हणून दहा मिनिटांत "आपोआप" चालू. माल भरलेला असताना रेस जास्त, डिझेल जास्त ओढलं जातं, म्हणून रिकाम्या गाडीला कधी झालंच नाही, आणि गॅरेजला मी नेहमी रिकामी गाडीच नेत होतो! सात-आठ महिने!

म्हणून पंप आणि नोजल (सिलिंडरमधे डिझेल फवारणारे इंजेक्टर) टेस्टिंगला काढायच्या आधी टाकी, जाळी, झाकण, पाईप, फिल्टर या क्रमाने सगळं झालेलं असलं पाहिजे. पंपाचं काम महाग असतं आणि तो उघडायला खास माणूस आणि मशीन लागतं, ते शेवटचं.

सेन्सरवाली पिकअप असेल तर

कॉमन रेल इंजिन (एकाच नळीत जास्त दाबाने डिझेल साठवून कॉम्प्युटरने सोडणारं) असेल तर वरचं बॅटरी, अर्थिंग, फिल्टर, टाकी सगळं तसंच लागू आहे, पण एक पाळा: उच्च दाबाच्या पाईपांचे नट सैल करून हवा काढायची जुनी सवय इथे नाही. आत हजार बारच्या वर दाब असतो, ती बारीक धार कातडी फोडून आत शिरते. तसं झालं तर लगेच हॉस्पिटल, जखम छोटी दिसली तरी.

या गाड्यांत गरम झाली की बंद, थंड झाली की चालू, आणि वायरिंग-डिझेल दोन्ही ठीक, असं असेल तर क्रँक सेन्सरचा (इंजिन किती फिरतंय ते कॉम्प्युटरला सांगणारा) संशय घ्या. गाडीला आरपीएमचा काटा असेल तर सेल्फ मारताना तो जरा तरी हलतो का बघा, अजिबात हलत नसेल तर इंजिनच्या कॉम्प्युटरला इंजिन फिरतंय हे कळतच नाहीये. स्कॅनर लावला आणि पी ०३३५ कोड आला तर तो क्रँक सेन्सरच्या सर्किटचा, पी ००८७ म्हणजे रेलमधला दाब कमी. पण कोड आला म्हणून लगेच पार्ट बदलू नका, पी ००८७ साध्या तुंबलेल्या फिल्टरने पण येतो, आणि सेन्सरचा कोड उंदराने कुरतडलेल्या वायरने पण येतो. मार्केटमधे उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदीर हा फार मोठा विषय आहे, बोनेट उघडून वायरीवरचं टेपिंग नीट बघा. रिलेवर (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) संशय असेल तर हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असेल तर अदलाबदल करून बघता येतो.

सीएनजी पिकअप असेल तर प्लग, कॉइल, वायर आणि एअर फिल्टर तुम्ही बघू शकता, पण सिलिंडर, रेग्युलेटर आणि जाड गॅस पाईपला हात लावायचा नाही, ते अधिकृत सेंटरलाच. सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची तपासणी) दर ३ वर्षांनी लागते, त्याच वेळी गळती पण तपासून घ्या.

पाण्यात बंद पडली तर सेल्फ मारू नका

हे वेगळं लिहितोय कारण यात इंजिन जातं. पावसात पाणी भरलेल्या रस्त्यात गाडी बंद पडली तर लोकं घाबरून सेल्फ मारत बसतात. पाणी एअर फिल्टरमधून सिलिंडरमधे गेलं असेल तर पाणी दबत नाही, पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ढकलून कोरड्यात घ्या, एअर फिल्टर उघडा, हात घालून बघा. ओलं लागलं तर मेकॅनिक येईपर्यंत चावीला हात नाही.

आणि कुठेही बंद पडली तरी आधी चारही इंडिकेटर, मग त्रिकोण मागे लांब ठेवा, फ्लायओव्हरवर किंवा गायमुखच्या घाटात असाल तर गाडीच्या मागे उभं राहून काम करू नका. धक्का मारून चालू करायची असेल तर सपाटीवरच, कारण इंजिन बंद असताना ब्रेकचा व्हॅक्युम एक-दोन पेडलमधे संपतो आणि मग ब्रेक दगडासारखा होतो. उतारावर सोडून देऊन चालू करणं तर नकोच. धक्क्याने चालू झाली आणि सेल्फने होत नव्हती, तर ते पण वहीत लिहा, म्हणजे डिझेल ठीक आहे आणि दोष सेल्फच्या बाजूला.

गॅरेजला जाताना

वही घेऊन जा आणि "स्टार्टिंग ट्रबल आहे" एवढंच सांगू नका. असं सांगा: "दादा, भरलेली असताना पाऊण तासाने हिसके मारून बंद पडते, दहा मिनिटांनी चालू होते, टेस्ट लॅम्प लागलेलाच राहतो, बुडबुडे नाहीत." चांगला मेकॅनिक हे ऐकून पाना बाजूला ठेवतो आणि आधी विचार करतो. शक्य असेल तर गाडी ज्या अवस्थेत त्रास देते त्याच अवस्थेत न्या, गरम असेल तर गरम, भरलेली असेल तर भरलेली. एका वेळी एकच काम करून घ्या, दोन-तीन पार्ट एकदम बदलले तर बरं कशाने झालं ते कधीच कळणार नाही. काढलेला जुना पार्ट मागून घ्या.

काम झाल्यावर रिकामी एक चक्कर मारून पैसे देऊ नका, तेवढाच माल, तोच रस्ता, तेवढाच वेळ, तीन दिवस. आणि पहिल्या दिवसानंतर सकाळी इंजिन थंड असताना ज्या ज्या बोल्टला, टर्मिनलला, क्लिपला हात लागला होता त्यांना परत एकदा पाना लावून बघा, नवीन वॉशर आणि नवीन लग गरम-थंड होऊन बसतात आणि पाव आटा तरी घेतातच.